वाहन-पर्यटन, वनमुक्काम आणि वन्यजीव मार्ग : सडक अर्जुनी तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

शनिवार-रविवारच्या सुट्टीत चारचाकी वाहनाने आडवाटेला जाऊन मुक्काम करण्याची प्रवृत्ती शहरी मध्यमवर्गात वाढत आहे. या पर्यटनाची प्रतिमा मुख्यतः वाळवंटातून आलेली आहे. तीच प्रतिमा वनप्रदेशात नेली असता कोणते प्रश्न उद्भवतात, याचे स्पष्टीकरण प्रस्तुत लेखात केले आहे. चाक व माती यांचा संबंध, अरण्यातील मुक्कामाच्या मर्यादा, कायदेशीर तरतुदी आणि नवेगाव व नागझिरा यांना विभागणारे रस्ते या चार अंगांनी विवेचन करून महाविद्यालयीन अभ्यास सहलींसाठी काही सूचना मांडल्या आहेत.

बीजशब्द : वाहन-पर्यटन, वनमुक्काम, संचारमार्ग, नवेगाव-नागझिरा, सडक अर्जुनी

१. प्रस्तावना

वाळवंट म्हटले की जैसलमेरजवळील सम येथील वाळूच्या टेकड्या, त्यावरून धावणारी जीप आणि रात्री उघड्या आकाशाखालील तंबू असे चित्र डोळ्यांसमोर येते. वाटेल त्या दिशेने गाडी नेता येणे हा या चित्राचा गाभा होय. महाराष्ट्रात असे वाळवंट नाही. त्यामुळे हीच हौस येथे समुद्रकिनारे, सह्याद्रीचे घाट आणि विदर्भातील जंगले यांच्याकडे वळते.

गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी तालुका या दृष्टीने अभ्यसनीय आहे. नावातच ‘सडक’ असलेले हे गाव पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ वर, म्हणजे आजच्या क्रमांक ५३ वर वसलेले आहे. याच मार्गावरील कोहमारा येथून एक रस्ता उत्तरेस गोरेगाव व गोंदियाकडे आणि दुसरा दक्षिणेस नवेगावबांधकडे जातो. उत्तरेस नागझिरा व दक्षिणेस नवेगाव अशा दोन अरण्यांच्या मध्ये हा तालुका आहे. पर्यटकाला तो ‘वाटेतला’ भाग वाटतो. वन्यप्राण्यांच्या दृष्टीनेही तो वाटेतलाच भाग आहे. एकाच भूमीवर या दोन वाटा एकमेकींना छेदतात, आणि प्रस्तुत विषयाचे गांभीर्य त्यातच आहे.

२. प्रादेशिक पार्श्वभूमी

नागझिरा अभयारण्य १९७० मध्ये व नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये घोषित झाले. पुढे नवीन नागझिरा, नवेगाव व कोका ही अभयारण्ये त्यांत जोडली गेली आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६५४ चौ. कि. मी. आहे. मात्र ते सलग नाही. मध्ये गावे, धानाची शेती, महामार्ग व गोंदिया–चांदा फोर्ट लोहमार्ग आहेत.

येथील वन शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग, ऐन, बिजा, तेंदू, मोह व बांबू या त्यातील प्रमुख वनस्पती होत. या प्रदेशाची दुसरी ओळख तलावांची आहे. कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी निगडित असलेला नवेगावबांध हा त्यांतील प्रसिद्ध जलाशय. डोंगरउतारावरील जंगल, पायथ्याशी तलाव व तलावाखाली धानाच्या बांध्या अशी ही पूर्वापार रचना आहे. जंगलातील मातीचे काय होते याचा परिणाम म्हणूनच थेट शेतीपर्यंत पोहोचतो.

या अरण्याला मराठी वाङ्मयातही स्थान आहे. व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘नागझिरा’ हे पुस्तक येथील मुक्कामातून साकारले. मारुती चितमपल्ली यांच्या वन्यजीवविषयक लेखनामागे नवेगावच्या वास्तव्याचा मोठा वाटा आहे. या दोन्ही लेखकांचे अरण्यदर्शन प्रामुख्याने पायी चालण्यातून व एका जागी स्वस्थ बसण्यातून घडलेले आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

३. चाक आणि माती

वाळूत गाडी रुतू नये म्हणून अनुभवी चालक चाकांतील हवा कमी करतात. यामागील तत्त्व सोपे आहे. चाकाचा जमिनीवर पडणारा दाब स्थूलमानाने चाकातील हवेच्या दाबाइतका असतो. सोळाशे किलोग्रॅम वजनाच्या वाहनात हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम असेल, तर प्रत्येक चाक अंदाजे १९० चौ. सें. मी. जागेवर टेकते. हवा निम्मी केली की ही जागा जवळजवळ दुप्पट होते, चाक पसरते आणि वाळूत कमी रुतते. चारही चाकांना शक्ती पुरविणारी यंत्रणा व कमी वेगात अधिक जोर देणारे गिअर यांची त्याला जोड मिळते. सरकत्या वाळूवर उमटलेली चाकोरी वाऱ्याने लवकर बुजते. त्यामुळे वाळवंटात गाडी कोठेही चालविली तरी काही बिघडत नाही, असा समज रूढ झाला आहे.

हा समज वाळवंटापुरताही अर्धाच खरा आहे. वाळूच्या टेकड्या म्हणजे संपूर्ण वाळवंट नव्हे. खडीच्या व कठीण पृष्ठभागाच्या मैदानांवर शेवाळ, दगडफूल व सूक्ष्मजीव यांचा एक पातळ थर असतो आणि तोच माती धरून ठेवतो. चाकाखाली तो चुरडला की भरून येण्यास दीर्घ काळ लागतो. अमेरिकेतील मोहावी वाळवंटात १९४२ ते १९४४ या काळात झालेल्या लष्करी सरावातील रणगाड्यांच्या खुणा अनेक दशकांनंतरही दिसतात. वाळवंट विसरभोळे नाही, केवळ वाळू विसरभोळी आहे.

वनभूमीची स्थिती आणखी वेगळी आहे. भंडारा-गोंदिया भागातील शेतकरी मातीला कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बर्डी अशा नावांनी ओळखतात. त्यांतील भारी माती ओली असताना दाबली गेली की तिच्यातील पोकळ्या मिटतात. दाबले जाण्याचा बराचसा परिणाम वाहनाच्या पहिल्या काही फेऱ्यांतच घडून येतो. म्हणूनच ‘एकदाच तर गाडी नेली’ हा युक्तिवाद टिकत नाही. दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही. ते चाकोरीतून वाहू लागते, चाकोरीची नाली होते, नालीतून गाळ ओढ्यात व पुढे तलावात जातो. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद ठेवले जाते, त्यामागे वन्यजीवांना निवांतपणा मिळावा हा हेतू आहे, तसेच ओल्या रस्त्यांचे संरक्षण हेही एक कारण आहे. आडवाटेवरील वाहनचालनाचा खरा ‘रोमांच’ मात्र चिखलातच मानला जातो, ही यातील विसंगती होय.

४. मुक्काम : अंधार, आवाज आणि अग्नी

वाळवंटातील तंबूसमोर शेकोटी पेटते, गाणे-बजावणे होते. पानझडी वनात फेब्रुवारीनंतर जमिनीवर वाळलेल्या पानांचा जाड थर साचतो. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा हंगाम मानला जातो आणि नेमका याच काळात प्राणी पाणवठ्यावर येत असल्याने पर्यटकांची गर्दी असते. मोहफुले वेचण्याचा व तेंदूपाने तोडण्याचा हंगामही याच काळात येतो. एका शेकोटीच्या निखाऱ्याने लागलेला वणवा पक्ष्यांची घरटी तर नष्ट करतोच, शिवाय वनालगतच्या कुटुंबांची वर्षभराची रोख मिळकतही जाळून टाकतो.

आवाज व प्रकाश यांविषयीही असेच म्हणता येईल. नागझिऱ्याच्या विश्रामगृहांत दीर्घकाळ वीज नव्हती. पुष्कळांना ती गैरसोय वाटे. प्रत्यक्षात तेथील मुक्कामाचे मूल्य त्या अंधारातच होते. चितळाचा इशारा, रातव्याचा आवाज, दूरवरच्या सांबराची हाक या गोष्टी दिवा मालविल्यावर व संभाषण थांबविल्यावरच कानी पडतात. अरण्यातील मुक्काम ही करमणुकीपेक्षा अवधानाची साधना आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

५. कायदेशीर चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम २७ नुसार अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध आहेत. वन्यप्राण्यास त्रास देणे व कचरा टाकणे याच कलमाने निषिद्ध आहे. कलम २८ मध्ये पर्यटन, अभ्यास, छायाचित्रण इत्यादींसाठी परवान्याची तरतूद आहे, तर कलम ३० अभयारण्यात आग लावण्यास मनाई करते. राखीव वनांत भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू होतो. ‘अभयारण्याची हद्द संपली, आता मोकळे रान’ ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

व्याघ्र प्रकल्पांतील पर्यटनावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये अंतरिम बंदी घातली होती. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे ऑक्टोबर २०१२ मध्ये अधिसूचित झाल्यानंतर ती उठविण्यात आली. गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांपर्यंतच पर्यटन, दोन वाहनांत किमान ५० मीटर आणि प्राण्यापासून २० मीटरहून अधिक अंतर हे या तत्त्वांतील महत्त्वाचे निकष होत. नियम असूनही त्यांचे उल्लंघन कसे होते, याचे उदाहरण विदर्भातच घडले. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीची व तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडविली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. तेथे कोणीही रस्ता सोडलेला नव्हता, वाहने परवान्याची होती, सोबत मार्गदर्शकही होते. यावरून परवाना हा संयमाला पर्याय नाही, हे स्पष्ट होते.

६. खरा धोका : डांबरी सडक

येथपर्यंतच्या विवेचनावरून अरण्याला मुख्य धोका कच्च्या वाटांवरील वाहनांचाच आहे, असा ग्रह होण्याचा संभव आहे. सडक अर्जुनी परिसराचा अनुभव निराळे सांगतो. नागझिरा व नवेगाव यांमधील प्राण्यांचा संचार हा कान्हा ते ताडोबा या विस्तृत संचारमार्गाचा भाग आहे. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ हा वाघ २०१३ मध्ये महामार्ग, नद्या व शेते ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्यापर्यंत पोहोचला होता. २०१६ नंतर त्याचा माग लागला नाही. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातील दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. ज्या वनात वाघांची संख्या बाहेरून वाघिणी आणून वाढवावी लागते, तेथे एकेका वाघाचे मोल किती, हे वेगळे सांगणे नको. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, ऑगस्ट २०२३ मध्ये, कोहमारा–गोंदिया मार्गावर मुरदोलीच्या जंगलात वाहनाच्या धडकेने एक तरुण वाघ मृत्युमुखी पडला. ती जागा साहसी पर्यटनाची नव्हती. तो नेहमीच्या रहदारीचा डांबरी रस्ता होता.

असे अपघात का होतात, हे साध्या गणिताने समजते. ताशी ८० कि. मी. वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. प्राणी दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरल्यास ३३ मीटर अंतर त्यातच संपते. कोरड्या रस्त्यावर थांबण्यास पुढे आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. एकूण अंतर ६८ मीटरच्या आसपास जाते, आणि खालच्या झोताचा दिवा साधारणतः त्याहून कमी अंतरापर्यंतच स्पष्ट दाखवितो. म्हणजे प्राणी दिसेपर्यंत अपघात निश्चित झालेला असतो. हाच वेग ४० कि. मी. असल्यास हे अंतर सुमारे २६ मीटर भरते. वेग निम्मा केला की धोका निम्म्याहूनही बराच कमी होतो, कारण ब्रेक लावल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. शिवाय प्रखर झोताने दिपलेला प्राणी पळण्याऐवजी जागीच थबकतो.

यावर स्थापत्यशास्त्रीय उपाय उपलब्ध आहेत. पेंच परिसरात महामार्ग क्रमांक ४४ वर प्राण्यांसाठी बांधलेल्या नऊ भुयारी मार्ग व पुलांचा वापर वाघासह अनेक प्रजाती करीत असल्याचे भारतीय वन्यजीव संस्थेच्या स्वयंचलित कॅमेऱ्यांतून आढळले आहे. परंतु अशा रचना प्रत्येक रस्त्यावर तातडीने होणे शक्य नाही. तोपर्यंत वाहनचालकाचा उजवा पाय हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

७. स्थानिक समाजाचा पक्ष

या चर्चेला एक नैतिक बाजूही आहे. नवेगाव राष्ट्रीय उद्यानातील कालीमाती, कवलेवाडा व झंकारगोंदी या गावांचे पुनर्वसन सडक अर्जुनी तालुक्यात सौंदडजवळील श्रीरामपूर येथे झाले. वाघासाठी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडली, त्यांच्या रिकाम्या गावठाणांच्या दिशेने पर्यटकांची वाहने धावावीत आणि त्यांच्या त्यागाने मोकळी झालेली शांतता भंगावी, हे न्याय्य ठरत नाही. पर्यटनातून मार्गदर्शक, वाहनचालक व निवासव्यवस्था यांद्वारे रोजगार निर्माण होतो, हे खरे आहे. मात्र स्वतःचे वाहन, स्वतःचा तंबू व शहरातून आणलेला शिधा घेऊन येणारा प्रवासी गावाला जवळपास काहीच देत नाही. स्थानिक वाहन व मार्गदर्शक घेणे यात म्हणूनच शिस्तीबरोबर अर्थकारणही आहे.

८. अभ्यास सहलींसाठी सूचना

महाविद्यालयांच्या अभ्यास सहली हा या पर्यटनाचाच एक भाग आहे. नेणारे प्राध्यापक असल्याने तेथे अपेक्षा अधिक आहे. सहलीची आखणी अशी असावी की जंगलातील रस्त्यावरून बसचा प्रवास दिवसाउजेडी पूर्ण होईल. सायंकाळी उशिरा निघून रात्रीतून परत येण्याची प्रथा सोयीची असली तरी ती टाळावी. वनरस्त्यावर वेग ४० कि. मी. च्या आत ठेवण्याची लेखी अट वाहनमालकाशी करावी. मुक्काम गावात किंवा वनविभागाच्या मान्य निवासस्थानी असावा व शेकोटीचा कार्यक्रम नसावा. विद्यार्थ्यांना ‘वाघ दिसला का’ या प्रश्नाऐवजी मातीचे प्रकार, पाणवठे, पाऊलखुणा, तलाव व वन यांचा संबंध अशा निरीक्षणांची नोंदवही द्यावी. पुनर्वसित गावास भेट देऊन तेथील ज्येष्ठांचे म्हणणे ऐकणे हाही अभ्यासाचाच भाग मानावा.

९. निष्कर्ष

वाळवंटातील वाहन-पर्यटनात चालकाचे कौशल्य गाडी पुढे नेण्यात असते, तर अरण्यात ते गाडी आवरण्यात असते. ओल्या मातीवरील एकच फेरी, कोरड्या पानांवरील एकच निखारा आणि रात्रीच्या सडकेवरील एकच बेसावध क्षण यांचे परिणाम सुट्टी संपल्यानंतरही दीर्घकाळ उरतात. सडक अर्जुनीवरून जाणारा प्रत्येक प्रवासी, पर्यटक असो वा नसो, दोन अरण्यांना जोडणाऱ्या वाटेवरून जात असतो. ही जाणीव विद्यार्थ्यांत रुजविण्याचे काम एखाद्या सहलीतून झाले, तर ती सहल खऱ्या अर्थाने शैक्षणिक ठरेल.