एकट्याचा ट्रेक, गटाचा शब्द

अनोळखी लोकांच्या तुकडीत नाव नोंदवून हिमालयात जाणाऱ्यांत शिरूर-दौंडकडची मंडळीही असतात. सपाट मुलखातल्या माणसाने पैसे भरण्याआधी काय तपासावं आणि वर गेल्यावर काय बोलावं, याविषयी.

उन्हाळ्याच्या मध्यावर शिरूर-दौंडकडे थोडी उसंत मिळते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपलेला असतो, कांदा बराखीत गेलेला असतो आणि खरिपाच्या पेरणीला अजून अवकाश असतो. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीतली पोरं साठवलेल्या रजा याच सुमारास काढतात. नेमक्या याच दिवसांत हिमाचलातल्या खिंडींवरचा बर्फ माणसांना वाट देण्याइतपत उतरू लागतो आणि ट्रेकच्या तुकड्या एकामागून एक सुटतात. दौंडला कर्नाटक एक्स्प्रेस पकडली की थेट दिल्ली, तिथून रात्रीच्या बसने भुंतर आणि पुढे पार्वती नदीच्या काठाने कसोल.

अडचण एकच असते. सोबत कुणी नसतं. मित्राला रजा मिळत नाही, भावाची तयारी नसते, बायकोला मुलांच्या परीक्षा-प्रवेशांतून सवड नसते. मग माणूस एकटाच नाव नोंदवतो. घरातून पहिला प्रश्न येतो, "बरोबर कोण आहे?" मुलगी जाणार असेल तर तो चार वेळा येतो. "गट आहे, गाइड आहे," या उत्तराने घर निम्मं-अर्धं शांत होतं. पण प्रत्येक गट सारखाच आधार देतो असं नाही.

बेस कॅम्पवरची व्यवस्था

मराठी मध्यमवर्गाला हिमालयाची वाट स्वस्तात दाखवली ती प्रामुख्याने यूथ होस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने. कसोलहून निघणारा तिचा सार पासचा ट्रेक महाराष्ट्रातल्या अनेकांचा पहिला हिमालय ठरला. एकट्याने आलेल्याला गटात सामावून घ्यायची तिथली पद्धत बघण्यासारखी आहे. तुकडीतले पन्नासेक जण एकमेकांना अनोळखी असतात. बेस कॅम्पवर पहिले दिवस सराव आणि हवामानाशी जुळवून घेण्यात जातात. सॅक पाठीवर घेऊन जवळची चढण चढवतात, दोरावरून उतरायला लावतात. डॉक्टरचं प्रमाणपत्र आधीच घेतलेलं असतं. तुकडीतूनच एक गटप्रमुख, एक उपप्रमुख आणि कचऱ्यावर लक्ष ठेवणारा पर्यावरणप्रमुख निवडतात. बायकांचे तंबू वेगळे. रात्री शेकोटी न पेटवता 'कॅम्पफायर' होतो. गाणी होतात, नकला होतात, त्यानंतर गरम बोर्नव्हिटा मिळतो आणि सगळे झोपायला जातात. एकट्याने आलेला माणूस तिसऱ्या दिवशी कुणाचा तरी 'दादा' नाहीतर 'काका' झालेला असतो.

महाराष्ट्रातही ही रीत आहे. मुंबईच्या चक्रम हायकर्सची 'सह्यांकन' ही अनेक दिवसांची सह्याद्री मोहीम एकट्या-दुकट्यालाही खुली असते. अलीकडे तर समाजमाध्यमांवर जाहिरात करून शनिवार-रविवारचे ट्रेक नेणारे गट पुण्यात गल्लोगल्ली निघाले आहेत. शुक्रवारी रात्री शिवाजीनगरहून बस, पहाटे हरिश्चंद्रगडाचा पायथा. शिरूरच्या माणसाला वाघोलीची कोंडी पार करून आधी शिवाजीनगर गाठावं लागतं, आणि मग बहुतेक वेळा तीच बस त्याला नारायणगाव-आळेफाट्याकडे घेऊन जाते, जिथे तो घरून थेट लवकर पोहोचला असता!

ताकद आहे, पण हवा वेगळी

शिरूर-दौंडच्या माणसाने एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. कष्टाची सवय आणि उंचीची सवय यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. खताचं पन्नास किलोचं पोतं लीलया उचलणारा शेतकरी, पाळीत आठ तास उभा राहणारा कामगार, दौंडच्या राज्य राखीव पोलीस दलाच्या मैदानावर पहाटे धावणारा जवान, यांच्यापैकी कुणालाही उंचीवरचा आजार गाठू शकतो. हा आजार बहुधा अडीच हजार मीटरच्या वर दिसू लागतो. तंदुरुस्तीने माणूस चढतो भराभर, पण आजारापासून त्याचा बचाव होत नाही. उलट दम असलेला तरुण पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांच्या पुढे पळतो आणि तोच आधी आडवा होतो.

हिशेब सोपा आहे. दौंड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास, कसोल सोळाशेच्या घरात, सार पास सुमारे ४,२०० मीटर. खिंडीत हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच, २१ टक्के असतं, पण हवेचा दाबच उतरल्याने प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या जेमतेम साठ टक्के ऑक्सिजन हाती लागतो. शरीर याची भरपाई करतं, पण सावकाश. श्वास वाढतो, लघवी वाढते, रक्त हळूहळू बदलतं. म्हणून डॉक्टरांचा सर्वमान्य नियम असा, की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला यावं, हेही त्यातच आलं.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. तेवढ्यावर असेल तर तिथेच थांबावं, आणखी चढू नये. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुरू झाला, तर फुप्फुसात पाणी भरत असण्याची शंका घ्यावी. बोलणं असंबद्ध झालं किंवा माणूस टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालू शकला नाही, तर मेंदूला सूज आली असं समजावं. या दोन्हींवरचा खरा उपाय म्हणजे लगेच खाली उतरणं, मग रात्र असो की पाऊस. ॲसिटाझोलामाइडची गोळी अनेक जण नेतात, पण ती आपल्या डॉक्टरला विचारूनच घ्यावी. आणि ती घेतली म्हणून वर जायचा परवाना मिळाला असं समजू नये.

तयारीसाठी मात्र मुलूख अगदीच वाईट नाही. यवतहून भुलेश्वरचा चढ, दिवे घाटाजवळचा मल्हारगड, शिरूरकरांना जुन्नरकडचे किल्ले. महिन्यातून दोनदा सिंहगडाची आतकरवाडीची वाट, तीही सात-आठ किलोची सॅक घेऊन. साधारण सहाशे मीटरची ती चढण न थांबता जमू लागली की पाय तयार झाले. फुप्फुसाची परीक्षा वरच होते.

एकट्याची गप्प बसण्याची खोड

मुद्दा इथून सुरू होतो. मित्रांबरोबर गेलेला माणूस डोकं दुखलं तर कण्हतो, शिव्या घालतो, "थांबा रे" म्हणतो. एकटा आलेला गप्प बसतो. अनोळखी पन्नास जणांचा दिवस आपल्यामुळे वाया जाईल, गावाकडचा म्हणून हसतील, पैसे फुकट जातील, असे विचार त्याच्या मनात फिरतात. मग तो मागे पडतो, हसून म्हणतो, "मी येतो सावकाश." त्याची नेहमीची चाल, नेहमीचा आवाज, नेहमीचा रंग कुणालाच माहीत नसतो. घरच्या माणसाने जे एका नजरेत ओळखलं असतं, ते इथे कुणाला कळत नाही. गटाने त्याला सोबत दिली, पण ओळखणारा डोळा दिला नाही.

म्हणून एकट्याने पहिल्याच संध्याकाळी तंबूतल्या जोडीदाराला चार गोष्टी सांगून टाकाव्यात. आपलं वय, चालू असलेली औषधं, पूर्वीचा दमा-रक्तदाब आणि घरचा फोन नंबर. रोज रात्री एकमेकांना विचारावं, "डोकं कसंय? जेवलास किती?" मागे पडणाऱ्याच्याही मागे गटाचा एक माणूस चाललाच पाहिजे. तो नसेल तर लीडरला सरळ विचारावं, सर्वांत शेवटी कोण आहे?

गट मोठा आणि अनुभवी असला म्हणजे भागतं, असंही नाही. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रताल ट्रेकवर २२ जणांची तुकडी परतीच्या वाटेवर हिमवादळात सापडली. त्यात बहुतेक कर्नाटकातले अनुभवी पदभ्रमणकार होते, महाराष्ट्रातलाही एक जण होता, स्थानिक गाइड होते. नऊ जण दगावले. उरलेल्या तेरांना हवाई दल आणि बचाव पथकांनी बाहेर काढलं. हवा फिरल्यावर पुढे जायचं, थांबायचं की मागे वळायचं, हे कोण ठरवतो आणि किती लवकर ठरवतो, यावर सगळं येऊन ठेपतं.

वारीने सोडवलेला प्रश्न

अनोळखी माणसांच्या मोठ्या जथ्यात एकट्याचा आवाज कसा ऐकू यावा, हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी दौंड तालुक्यातूनच जाते. यवतला पिठलं-भाकरी, पुढे वरवंड, मग उंडवडीमार्गे बारामती. त्या वाटेवर कितीतरी वारकरी गावाहून एकटेच निघून एखाद्या दिंडीत सामील झालेले असतात. भिशीचे पैसे भरले की जेवणाची आणि राहुटीची सोय होते, पडशी ट्रकमध्ये जाते. प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला, रथापुढची अमुक, रथामागची अमुक. चुकलेला माणूस तो क्रमांक सांगून आपली दिंडी गाठतो.

यातली सर्वांत शहाणी रीत आळंदीच्या सोहळ्यात बघायला मिळते. मुक्कामी पोचल्यावर समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या जमतात. चोपदार हातातला चोप उंच धरतो आणि हजारो टाळ-मृदंग एकदम शांत होतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवणं थांबवत नाही. त्या आवाजाच्या रोखाने चोपदार चालत जातो, गाऱ्हाणं ऐकतो, तोडगा काढतो. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्याच्या सूचना देतात आणि त्यानंतरच आरती होते. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेल्या शिस्तीवर उभा असलेला हा सोहळा आहे. त्या शिस्तीत हुकूम एकाचाच चालतो, पण तक्रार उरली असेल तर त्या एकालाही पुढे जाता येत नाही.

डोंगरातल्या चांगल्या तुकडीची खूण तीच. तिथे लीडर एकच असतो आणि त्याचा शब्द अखेरचा असतो. पण रोज संध्याकाळी तो सगळ्यांना गोळा करतो, प्रत्येकाला नाव घेऊन विचारतो आणि ज्याला बरं वाटत नाही त्याच्यापाशी आधी जातो. "सगळे ठीक ना?" असं एकदा ओरडून सूप प्यायला जाणारा लीडर या परीक्षेत नापास.

पैसे भरण्याआधी

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसं आणि सुरक्षेची साधनं ठेवावीत, असं त्यात अपेक्षित आहे. राज्यातल्या ट्रेकला जाताना नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नये. सह्याद्रीत काही घडलं तर धावून जाणारी स्वयंसेवी पथकं आहेत. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर त्यांना जोडून देतं. पण पथक पोहोचेपर्यंतचे तास गटालाच निभवायचे असतात. म्हणून लीडरने गिर्यारोहणाचा कुठला कोर्स केला, प्रथमोपचार शिकला का, गटात किती माणसांमागे एक लीडर, ऑक्सिजनचा सिलिंडर वर कुठल्या कॅम्पपर्यंत जातो, रेंज नसलेल्या भागात निरोप कसा पाठवतात, सर्वांत जवळचं रुग्णालय किती तासांवर, हे सगळं विचारून घ्यावं. आरोग्य विम्याची कागदपत्रंही एकदा वाचावीत. अनेक पॉलिसी साहसी खेळातली दुखापत वगळतात.

एकट्या मुलीने आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. तंबूत बरोबर कोण असेल आणि गटात बाई लीडर आहे का. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजावं. घरच्यांच्या हाती रोजच्या मुक्कामांची यादी आणि आयोजकाचा नंबर द्यावा. "बरोबर कोण आहे?" या प्रश्नाचं तेच पुरेसं उत्तर आहे.

एवढं विचारायला वेळ नसेल तर निदान एक प्रश्न विचारावा: गेल्या हंगामात तुम्ही किती जणांना अर्ध्या वाटेतून खाली आणलं? "आमचा प्रत्येक माणूस माथ्यावर पोहोचतो," असं छातीठोक सांगणाऱ्याकडे पैसे भरू नयेत. आकडा सांगून, त्यातल्या एकाला का उतरवलं हे न अडखळता समजावणारा आयोजक भेटला, तर एकट्यानेही बिनघोर जावं.