अंतर अधिक, तरी वेळ कमी : दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हवाई मार्ग

दोन शहरांमधील अंतर वाढले की प्रवासाचा वेळही वाढतो, असा सर्वसाधारण समज आहे. दीर्घ पल्ल्याच्या हवाई वाहतुकीत मात्र हा नियम नेहमीच लागू पडत नाही. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हा मार्ग याचे उत्तम उदाहरण होय.

पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी अंतर बृहद्वृत्ताच्या कंसावर मोजले जाते. या दोन शहरांमधील असे अंतर सुमारे १२,४०० कि.मी. आहे. पॅसिफिक महासागर मध्यभागी असलेल्या सपाट नकाशावर त्यांना जोडणारी सरळ रेषा चीन व जपानवरून जाते. बृहद्वृत्त मात्र सायबेरिया ओलांडून ७५ अंश उत्तर अक्षवृत्ताच्याही पलीकडे पोहोचते. प्रत्यक्षात विमाने हा मार्ग तंतोतंत अनुसरत नाहीत. केबिनमधील हवेचा दाब घटल्यास विमानाला सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते आणि तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच ४,००० मीटरहून अधिक आहे.

तेव्हा सरकारी मालकीच्या असलेल्या एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये या शहरांदरम्यान थेट सेवा सुरू केली. अटलांटिकवरून जाणारा तिचा मार्ग सुमारे १३,९०० कि.मी.चा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये विमान प्रथमच पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेण्यात आले. त्याने सुमारे १५,३०० कि.मी. अंतर साडेचौदा तासांत कापले. अंतर १,४०० कि.मी.ने वाढूनही सुमारे दोन तासांची बचत झाली.

याचे कारण जेट वायुप्रवाहात आहे. मध्य अक्षांशांत साधारणतः ९ ते १२ कि.मी. उंचीवर हे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० कि.मी. मानल्यास, पाठीमागून येणारा ताशी १०० कि.मी. वेगाचा वारा त्याचा जमिनीसापेक्ष वेग १,००० पर्यंत नेतो. तोच वारा समोरून आल्यास हा वेग ८०० वर येतो. वरील पॅसिफिक उड्डाणाचा सरासरी वेग ताशी सुमारे १,०५५ कि.मी. पडतो. उड्डाणाचा कालावधी घटल्यास इंधन व कार्बन उत्सर्जन यांतही बचत होते.

वेळेचे गणित करताना प्रमाणवेळ विसरून चालत नाही. दिल्लीहून रविवारी पहाटे ४ वाजता निघालेले विमान साडेचौदा तासांनी पोहोचते, तेव्हा भारतात सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. उन्हाळी वेळेनुसार सॅन फ्रान्सिस्को साडेबारा तास मागे असल्याने तेथे रविवारचीच सकाळचे ६ ही वेळ असते. पूर्वेकडे जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यावर एक वार मागे घ्यावा लागतो, हे यामागील कारण होय.

निसर्गाबरोबरच राजकारणही मार्ग ठरवते. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राला आपल्या हवाई हद्दीवर संपूर्ण सार्वभौमत्व आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. उत्तर अमेरिकेकडे जाणाऱ्या काही उड्डाणांना इंधनासाठी युरोपात थांबणे भाग पडले. नकाशावरील अंतर तेच राहिले. प्रवासाचा वेळ आणि खर्च मात्र वाढला.