नगराध्यक्षाची खुर्ची: कराडचे पी. डी. पाटील

मंडळी, रहिमतपूरात बसून कराडची गोष्ट का? एक तर तुमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं, पण विधानसभेला कराड उत्तरमध्ये. आणि दुसरं, त्या गोष्टीत एक प्रश्न अडकलाय.

पी. डी. पाटील चार दशकांहून अधिक काळ कराडचे नगराध्यक्ष होते. आमदार झाले, सह्याद्री साखर कारखान्याचं नेतृत्व केलं. यशवंतराव चव्हाणांचा विश्वासू माणूस. तरी लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते नगराध्यक्ष म्हणूनच. नगराध्यक्षपद म्हणजे आमदारकीची पायरी, असं आपण धरून चालतो. इथं हिशेब उलटा दिसतो. पाणी, भुयारी गटार, ही कामं भाषणात चमकत नाहीत. गटार तुंबलं की मात्र नगराध्यक्षाचं घर सगळ्यांना सापडतं! आमदाराला अंतर राखता येतं, याला नाही.

आता अडचण. ॲरिस्टॉटल म्हणतो, चांगल्या नागरिकाला राज्य करताही यावं आणि करवूनही घेता यावं, आळीपाळीनं. चाळीस वर्षं एकच माणूस बसला तर ही पाळी येणार कधी? काम चोख होतं हे उत्तर पुरत नाही. शहर पुढे गेलं, पण पुढचा कारभारी घडला का? मुलगा बाळासाहेब 1999 पासून पाच वेळा आमदार, 2019 ते 2022 सहकारमंत्री. 2024 ला हरले. म्हणजे वारसा चालतो, पण मतदार त्याला बांधील नसतो.

आणि नगराध्यक्ष कुणी निवडायचा? 2016 ला थेट जनतेनं, 2020 ला नगरसेवकांनी, 2022 ला पुन्हा थेट. खुर्ची कुणाची, हे सरकारचंच अजून ठरत नाही. प्रश्न असतील तर विचारा.