खाण दूर, रसायन दाराशी

फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. जम्मूच्या रियासी जिल्ह्यात लिथियमचा ५९ लाख टनांचा अनुमानित साठा असल्याचे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जाहीर केले आणि ठाण्यात महापालिकेच्या परिवहन सेवेच्या (टीएमटी) ताफ्यात ऑलेक्ट्रा कंपनीच्या विजेवरील बसगाड्या दाखल होऊ लागल्या. कंत्राट १२३ गाड्यांचे होते. रियासीच्या बातमीने देशभर आनंद झाला. पुढे त्या साठ्याच्या लिलावाला पुरेसे बोलीदारच मिळाले नाहीत आणि तो रद्द झाला.

याचे आश्चर्य वाटायला नको. रियासीचे लिथियम चिकणमातीत आहे आणि ते परवडेल अशा खर्चात वेगळे काढणे अजून कुणाला नीट साधलेले नाही. त्यामुळे सरकारी ‘काबिल’ कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात १५,७०३ हेक्टरांवरील पाच क्षारजल क्षेत्रांचा करार केला. पाऊल योग्यच आहे, पण शोधापासून उत्पादनापर्यंत वर्षे जातात. एमएच-०४ आणि एमएच-०५ च्या हिरव्या पाट्यांची विजेवरील वाहने मात्र आजच ठाणे-कल्याणच्या रस्त्यांवर धावत आहेत. बॅटरीच्या दर युनिट क्षमतेमागे साधारण अर्धा ते पाऊण किलो लिथियम कार्बोनेट लागते. म्हणजे तीन युनिटांच्या स्कूटरला दोनेक किलो आणि दोनशे युनिटांच्या बसला शंभर किलोहून जास्त.

खाण हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. सर्वाधिक लिथियम खणतो ऑस्ट्रेलिया, पण जगातले निम्म्याहून अधिक लिथियम शुद्ध होते चीनमध्ये. बॅटरीचे सेलही बहुतांश तिथेच बनतात. भारताकडे उद्या खाण आली तरी शुद्धीकरण आणि क्षार बनवण्याची विद्या नसेल, तर माती परदेशी पाठवून बॅटरी विकत आणावी लागेल.

या मधल्या टप्प्यावर ठाण्याचे नाव येते. कॅडबरी जंक्शनजवळ मुख्यालय असलेली निओजेन केमिकल्स ही कंपनी १९८९ साली स्थापन झाली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात महापे येथे तिचा कारखाना आहे. वातानुकूलनाच्या अवाढव्य शोषण-यंत्रांना लागणारे लिथियम ब्रोमाइड ती बॅटरीचा बोलबाला होण्याच्या कितीतरी आधीपासून बनवते आहे. ब्रोमीन आणि लिथियम हाताळण्याचा हा अनुभव आता कामी येतो आहे. २०२३ साली तिने जपानच्या एमयू आयॉनिक सोल्यूशन्सकडून इलेक्ट्रोलाइट बनवण्याचे तंत्रज्ञान परवान्याने घेतले.

इलेक्ट्रोलाइट म्हणजे सेलमधला तो द्रव, ज्यातून लिथियमचे आयन ये-जा करतात. त्यातला नेहमीचा क्षार लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट. ओलावा लागला की तो बिघडतो आणि घातक हायड्रोजन फ्लुओराइड तयार होते. असा द्रव समुद्रापलीकडून आणणे महाग आणि जोखमीचे. सेलचे कारखाने साणंद, कृष्णगिरी, महबूबनगरला उभे राहत असतील, तर तो देशातच बनायला हवा.

अर्थात भावांचा झोका सांभाळणे सोपे नाही. २०२२ च्या अखेरीस चीनमध्ये लिथियम कार्बोनेट टनाला सुमारे सहा लाख युआन होते, ते २०२४ मध्ये लाखाच्याही खाली आले. कच्चा माल आयात करणाऱ्याला असा उतार झेपणे अवघडच. धोका दुसराही आहे. मार्च २०२५ मध्ये निओजेनच्या गुजरातमधील दहेजच्या कारखान्यात मोठी आग लागली. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ चे स्फोट सोसलेल्या डोंबिवलीकरांना रसायनाच्या कारखान्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. लिथियमची स्वयंपूर्णता कामगारांच्या आणि शेजारच्या वस्तीच्या जिवावर उभी राहता कामा नये. सुरक्षेचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरायलाच हवा.

आणि एक खाण शहरातच आहे, जुन्या बॅटऱ्यांची. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि विजेवरील वाहनांच्या बॅटरीतील ९० टक्के सामग्री २०२६-२७ पासून परत मिळवायची आहे. पण हे मोजमाप एकूण वजनाचे आहे. बॅटरीच्या वजनात लिथियम जेमतेम एक-दोन टक्के असते. तांबे, अॅल्युमिनियम वगैरे काढून लिथियम टाकून दिले तरी आकडा गाठता येईल. युरोपीय संघाने २०२७ अखेर ५० टक्के आणि २०३१ अखेर ८० टक्के लिथियम परत मिळवण्याचे वेगळे बंधन घातले आहे. तसे बंधन भारतातही हवे.

तोवर ठाणे-कल्याणच्या वाहनमालकांनी एवढे करावे : स्कूटरची थकलेली बॅटरी भंगारवाल्याकडे न देता विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावी आणि पावती मागून घ्यावी.