रहस्यमालिकेचा शेवट आणि प्रेक्षकांचा निवाडा

गोष्ट ऐकण्याची हौस मनुष्यमात्राला उपजतच आहे. आणि त्या गोष्टींत कांहीं रहस्य असलें म्हणजे ती हौस अनावर होते. पुढें काय झालें, या कृत्यामागें कोणाचा हात होता, तो दरवाजा उघडल्यावर आंत काय दिसलें, या प्रश्नांपायीं झोपेवर पाणी सोडणारे श्रोते प्रत्येक काळांत सांपडतात. पूर्वीं त्यांची ही भूक कथेकरीबुवा आणि मासिकांतून क्रमशः येणाऱ्या कादंबऱ्या भागवीत. आजकाल तें काम दूरचित्रवाणीवरील मालिका करितात. परंतु गोष्ट ऐकणें निराळें आणि ऐकलेल्या गोष्टीविषयीं मत देणें निराळें. पहिल्यास कान व डोळे पुरतात. दुसऱ्यास विवेक लागतो. हा भेद एका प्रसिद्ध उदाहरणावरून स्पष्ट करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तें उदाहरण म्हणजे ‘लॉस्ट’ या अमेरिकन रहस्यमय साहसमालिकेचा अखेरचा भाग होय. तो २३ मे २०१० रोजीं अमेरिकेंत दाखविण्यांत आला आणि त्याचें नांवच ‘शेवट’ या अर्थाचें होतें. ज्या वाचकांनीं ही मालिका पाहिलेली नाहीं, परंतु पुढेंमागें पाहण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांना आरंभींच सावध करणें आम्हांस प्राप्त आहे. कारण शेवट उघड केल्यावांचून हा विषय मांडतां येत नाहीं.

मालिकेचें कथानक थोडक्यांत असें आहे. ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहराहून अमेरिकेंतील लॉस एंजेलिसकडे निघालेलें एक विमान पॅसिफिक महासागरांतील अज्ञात बेटावर कोसळतें. विमानांत ३२४ माणसें होतीं. त्यांपैकीं मधल्या भागांतील ४८ जण किनाऱ्यावर जिवंत राहतात. जॅक शेफर्ड नांवाचा एक शस्त्रवैद्य त्यांचा पुढारी होतो. हा जॅक आपल्या मृत पित्याचें शव स्वदेशीं घेऊन चालला होता. दुसरा जॉन लॉक. चाकांच्या खुर्चीला खिळलेला हा मनुष्य बेटावर पडतांच आपल्या पायांवर उभा राहतो. जॅक प्रत्येक गोष्टीचें कारण मागतो, लॉक प्रत्येक गोष्टींत ईश्वरी संकेत पाहतो. आणि बुद्धि व श्रद्धा यांचा हा झगडा मालिकेच्या मुळाशीं आहे.

बेटावर चमत्कारांना तोटा नाहीं. उष्ण प्रदेशांतील अरण्यांत बर्फाळ मुलुखांतलें पांढरें अस्वल आढळतें. काळ्या धुराचा एक राक्षस माणसांना उचलून नेतो. जमिनीखालच्या एका कोठडींत दर १०८ मिनिटांनीं कळ दाबावी लागते. ४, ८, १५, १६, २३ आणि ४२ हे आंकडे पुनःपुन्हां समोर येतात, आणि त्यांची बेरीजहि १०८ च भरते. बेटावर पूर्वीं शास्त्रीय प्रयोग करणाऱ्या एका मंडळीचें नांव ‘धर्मा’ असून तिच्या माहितीपटांतील शास्त्रज्ञ बोलण्याच्या शेवटीं ‘नमस्ते’ म्हणतो, हें ऐकून आपल्याकडील वाचकांस गंमत वाटेल.

२२ सप्टेंबर २००४ रोजीं जेव्हां पहिला भाग दाखविला गेला, तेव्हां सुमारें १ कोटि ८६ लक्ष लोकांनीं तो पाहिला असें नमूद आहे. पुढें सहा पर्वें झालीं. प्रत्येक भागागणिक एक उत्तर मिळे आणि दोन नवे प्रश्न उभे राहत. प्रेक्षक आपापसांत तर्क लढवीत, आंकड्यांचे अर्थ लावीत, पडद्यावर क्षणमात्र दिसलेल्या पुस्तकाचें नांवहि टिपून ठेवीत. अशा रीतीनें सहा वर्षें वाढत गेलेली उत्कंठा अखेरच्या भागाच्या रात्रीं सुमारें १ कोटि ३५ लक्ष अमेरिकन प्रेक्षकांना पडद्यापुढें घेऊन बसली.

त्या रात्रीं त्यांनीं काय पाहिलें? सहाव्या पर्वांत दोन धागे बरोबर चालले होते. एक बेटावरचा, दुसरा अशा जगाचा, कीं जेथें तें विमान कोसळलेंच नाहीं आणि तींच माणसें लॉस एंजेलिस शहरांत निराळें आयुष्य जगत आहेत. अखेरच्या भागांत बेटावरील जॅक आपल्या शत्रूशीं झुंजतो, बेटाच्या हृदयांतील विझलेला प्रकाश पुन्हां प्रज्वलित करितो, आणि कुशींत जखम घेऊन कळकांच्या बनांत आडवा होतो. त्याच्या मित्रांना घेऊन जाणारें विमान त्याला आकाशांत दिसतें, एक कुत्रा त्याच्या शेजारीं येऊन बसतो, आणि त्याचा डोळा मिटतो. पहिल्या भागाचा आरंभ त्याच कळकांच्या बनांत त्याचाच डोळा उघडण्यानें झाला होता.

दुसऱ्या धाग्याचा उलगडा एका चर्चमध्यें होतो. तेथील एका खोलींतील रंगीत कांचेच्या खिडकींत ख्रिस्ती क्रूसाबरोबर ॐकार, बौद्धांचें धर्मचक्र, यहुद्यांचा तारा, इस्लामची चंद्रकोर आणि चिनी ताओपंथाचें चिन्ह अशीं सहा चिन्हें आहेत. तेथें जॅकचा मृत पिता त्याला भेटतो आणि सांगतो, कीं हें जग मरणोत्तर आहे. बेटावरील सोबत्यांनीं एकमेकांना पुन्हां शोधतां यावें म्हणून तें निर्माण केलें आहे. कोणी तुझ्या आधीं मेले, कोणी तुझ्या मागून पुष्कळ काळानें. परंतु जें जें घडलें तें सर्व खरें होतें.

आतां प्रेक्षकांच्या मतांकडे वळूं. तीं स्थूलमानानें तीन प्रकारचीं होतीं.

पहिला पक्ष समाधान पावलेल्यांचा. त्यांचें म्हणणें असें, कीं ही कथा मुळांत बेटाची नसून माणसांची होती. एकाकी, अपराधी आणि हरवलेल्या जिवांना एकमेकांच्या सोबतींत आपलें हरपलेलें मनुष्यपण सांपडलें, आणि शेवटच्या भागानें तोच धागा पुरा केला. दुसरा पक्ष रुष्ट झालेल्यांचा. आम्हांस सहा वर्षें कोडीं घालून शेवटीं त्यांची उत्तरें न देतां केवळ डोळे ओले करून घरीं धाडलें, अशी त्यांची तक्रार होती. नामांकित कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्यासारख्यांनींहि आपली नाराजी उघडपणें बोलून दाखविली. तिसरा पक्ष मात्र सर्वांत विचित्र होय. त्याचें म्हणणें असें, कीं सगळीं माणसें पहिल्या दिवशींच विमानांत मेलीं होतीं आणि सहा वर्षांची सारी कथा म्हणजे मेलेल्यांचें स्वप्न होय. सबब प्रेक्षकांची शुद्ध फसवणूक झाली.

या तिसऱ्या मताची परीक्षा प्रथम करूं. कारण तें खोटें असूनहि आजतागायत टिकून आहे. वर सांगितल्याप्रमाणें जॅकच्या पित्यानें स्पष्ट शब्दांत याच्या अगदीं उलट सांगितलें होतें. मग हा समज पसरला कसा? भाग संपल्यानंतर कलावंतांच्या नांवांची यादी चालू असतां किनाऱ्यावरील विमानाच्या मोडक्या सांगाड्याचीं निर्जन व निःशब्द दृश्यें दाखविण्यांत आलीं. तीं कथेचा भाग नव्हतीं. कथा संपून लगेच रात्रीच्या बातम्या सुरू होण्यापूर्वीं प्रेक्षकांना क्षणभर विसांवा मिळावा, म्हणून तीं जोडण्यांत आलीं होतीं, असा खुलासा ए. बी. सी. वाहिनीनें लवकरच केला. परंतु तोंपर्यंत व्हावयाचें तें झालें होतें. ओसाड किनारा पाहून अनेकांनीं मनाशीं निष्कर्ष काढला, कीं कोणीच वाचलें नव्हतें! ज्यांनीं तो भाग पाहिला नव्हता त्यांनीं तें या लोकांच्या तोंडून ऐकलें, आणि ऐकलेलें पुढें सांगितलें. एका कानाची गोष्ट शंभर तोंडीं झाली, म्हणजे ती खरी कीं खोटी हें पाहण्याची कोणास गरज वाटत नाहीं.

येथें केवळ एका मालिकेचा प्रश्न नाहीं. कानांनीं ऐकलेल्या स्पष्ट वाक्यापेक्षां डोळ्यांपुढून सरकलेलें एक मुकें चित्र मनावर अधिक खोल ठसतें, हा मनुष्यस्वभाव आहे. आणि एकदां ठसा उमटला, कीं मागाहून आलेला खुलासा त्याला पुसूं शकत नाहीं. वर्तमानपत्रांतील छायाचित्रें, निवडणुकींतील भित्तिपत्रकें, शेजाऱ्यापाजाऱ्यांविषयींच्या वावड्या, या सर्वांस हाच नियम लागू आहे.

दुसऱ्या पक्षाची तक्रार मात्र इतक्या सहज झिडकारतां येत नाहीं. ज्यानें कोडें घातलें त्यानें तें सोडवावें, अशी अपेक्षा ठेवणें हा श्रोत्याचा हक्क आहे. वॉल्ट नांवाच्या बालकाच्या अंगीं कांहीं अद्भुत शक्ति आहे असा गाजावाजा झाला. परंतु तें काम करणारा मुलगा कथेंतील काळापेक्षां झपाट्यानें वाढूं लागला आणि तो धागा सुटला. बेटावर गर्भधारणा झालेल्या स्त्रिया कां मरतात, याचें निश्चित कारण कधींच सांगितलें गेलें नाहीं. आंकड्यांचा अर्थ सहाव्या पर्वांत लागला खरा. बेटाचा रक्षक होण्यास योग्य अशा माणसांचे ते क्रमांक होते. पण त्यांच्या मागें लागलेला अपशकुन तसाच गूढ राहिला. लेखकांच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल, कीं मालिका किती वर्षें चालवावयाची हें आरंभीं त्यांच्या हातीं नव्हतें. लोकप्रिय गोष्ट संपविण्याची घाई कोणत्याच वाहिनीस नसते. २००७ च्या मे महिन्यांत, म्हणजे तीन पर्वें होत आल्यावर, ती २०१० सालीं संपेल असें ठरलें. मुक्कामाचें ठिकाण ठाऊक नसतां निघालेल्या वाटसरूनें वाटेंत चार आडवळणें घेतलीं, तर त्याचा सर्वच दोष त्याच्या माथीं मारतां येत नाहीं.

तथापि आमच्या मतें या पक्षानेंहि एक गोष्ट विसरतां कामा नये. कोडें आणि गूढ हीं दोन नव्हेत काय? कोडें सुटलें कीं संपतें. गूढ मात्र जितकें जाणावें तितकें खोल होत जातें. खून कोणीं केला हें कोडें आहे; मनुष्य क्षमा कशी करूं शकतो हें गूढ आहे. अखेरच्या भागांत चर्चच्या बाहेर एक छोटासा प्रसंग आहे. बेन नांवाच्या मनुष्यानें पूर्वीं लॉकचा गळा आवळून जीव घेतलेला असतो. तो आतां त्याची क्षमा मागतो. लॉक ती मनापासून देतो आणि आंत जातो. परंतु बेन बाहेरच बसून राहतो. क्षमा मिळूनहि आंत पाऊल टाकण्यास आपली अद्याप तयारी झालेली नाहीं, असें त्याला वाटतें. अस्वलाचा हिशेब मागणाऱ्या पुष्कळांचें या प्रसंगाकडे लक्षच गेलें नाहीं! उत्तरें मोजण्याच्या नादांत मिळालेलें उत्तर हातचें सुटावें, हें खचितच शोचनीय होय.

प्रेक्षकांचा असा रोष कांहीं आजचा नाहीं. १८९३ सालीं सर आर्थर कॉनन डॉइल यांनीं आपल्या शेरलॉक होम्सला धबधब्यांत लोटून दिलें, तेव्हांहि वाचक खवळले होते. आणि १९०३ सालीं लेखकास त्याला पुन्हां जिवंत करून आणावें लागलें. ‘लॉस्ट’चे लेखक डेमन लिंडलॉफ आणि कार्लटन क्यूज यांनीं तसें केलें नाहीं. त्याच वर्षीं मालिकेच्या तबकड्यांबरोबर सुमारें बारा मिनिटांची एक पुरवणी देऊन त्यांनीं कांहीं शंकांना उत्तरें दिलीं, पण शेवट तोच कायम ठेविला. त्याची किंमतहि मोजावी लागली. तीन वर्षें लोटलीं तरी दूषणें थांबेनात. अखेर २०१३ सालीं लिंडलॉफ यांनीं एक लेख लिहून, या वादांत आपण यापुढें पडणार नाहीं असें जाहीर केलें. त्यांस मिळालेल्या दूषणांपैकीं कित्येक, त्यांनीं कधीं न सांगितलेल्या गोष्टीबद्दल होतीं, ही ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

विद्यार्थ्यांनीं यांतून काय घ्यावें? कोणत्याहि कथेवर, नाटकावर किंवा मालिकेवर मत देण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःस विचारावे. प्रत्यक्ष काय दाखविलें अथवा लिहिलें आहे? मीं मनांत कशाची अपेक्षा धरिली होती? आणि माझ्या मतांतील किती भाग दुसऱ्याकडून उसना घेतलेला आहे? या तिहींची गल्लत झाली म्हणजे न्याय होत नाहीं. शेवट आवडला नाहीं असें म्हणण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. तो वाईट कां, हें सप्रमाण सांगणें हें विचारी मनुष्याचें लक्षण आहे. परंतु न घडलेलें घडलें असें सांगून दोष देणें हा अन्याय होय, मग त्या अन्यायांत कितीहि लक्ष लोक सामील असोत.

पालकांसहि आमची एक नम्र सूचना आहे. मुलें जी मालिका पाहतात तीवर केवळ बंदी घालून भागत नाहीं. कधीं त्यांच्याजवळ बसून तिचा एखादा भाग पाहावा, आणि तो संपल्यावर “आवडला का?” एवढ्यावरच न थांबतां “तुला काय दिसलें?” असें विचारावें. मूल आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें आपल्या शब्दांत सांगूं लागलें, म्हणजे ऐकीव मतांचें त्याच्यावर सहसा चालत नाहीं. परीक्षेंतील गुणपत्रिकेंत या गुणास रकाना नसतो. परंतु पुढें न्यायाधीशाच्या आसनावर, पंचांच्या बैठकींत किंवा चार माणसांच्या घरांत, जेथें जेथें निवाडा करण्याची पाळी येईल, तेथें तेथें हाच गुण उपयोगीं पडेल.