मुलांची एआय साक्षरता: फायदा कुठे, तोटा कुठे?

ऑक्टोबर 2025 मध्ये शाळांचं चौथं सत्र सुरू झालं, तेव्हा न्यू साउथ वेल्सच्या शिक्षण खात्याने 'एनएसडब्ल्यू एज्युचॅट' हे स्वतःचं एआय साधन पाचवीपासून पुढच्या सरकारी शाळांतल्या सगळ्या मुलांसाठी खुलं केलं. केलीव्हिलमधल्या सरकारी शाळांची मुलंही त्यात आली. याच खात्याने 2023 च्या सुरुवातीला शाळांच्या नेटवर्कवर चॅटजीपीटी बंद केलं होतं. त्याच वर्षाच्या शेवटी देशभरातल्या शाळांसाठी एआयची राष्ट्रीय मार्गदर्शक चौकट आली, 2024 मध्ये 16 शाळांत चाचणी सुरू झाली आणि तीन वर्षांच्या आत बंदीचं रूपांतर परवानगीत झालं.

त्यामुळे मुलांच्या हाती एआय द्यावं की नाही, हा वाद आपल्यासाठी मागे पडला आहे. आता प्रश्न आहे तो एआय साक्षरतेचा. ही साक्षरता म्हणजे चटपटीत प्रश्न टाइप करण्याची हातोटी नव्हे. उत्तर कसं तयार होतं, ते कुठे चुकू शकतं आणि एआय कधी वापरायचं नाही, या तीन गोष्टी कळणं म्हणजे साक्षरता.

पहिली गोष्ट मुलांना मराठीतूनच सांगता येते. "नाचता येईना अंगण..." एवढं म्हटलं की पुढचा शब्द आपल्या तोंडी आपोआप येतो: "वाकडं". भाषा-प्रारूपही असंच काम करतं. प्रचंड मजकूर वाचून कोणत्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ते शिकलेलं असतं. पण अंगण खरंच वाकडं आहे का, हे आपणही मोजलेलं नसतं आणि यंत्रानेही नाही. शोभणारं उत्तर आणि खरं उत्तर यांतला हा फरक एकदा समजला, की एआय इतक्या आत्मविश्वासाने चुकीचं कसं बोलतं याचं कोडं सुटतं.

साक्षरतेचा पहिला फायदा हाच, की जादू उतरते. 2025 मध्ये 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये आलेल्या एका अभ्यासात, एआयबद्दल ज्यांना कमी माहिती होती तेच लोक ते वापरायला जास्त उत्सुक दिसले, कारण त्यांना ते जादूसारखं वाटत होतं. दुसरा फायदा घरगुती आहे. आपल्यापैकी अनेकांनी गणित लसावि-मसाविच्या भाषेत शिकलं, मुलं ते एलसीएम आणि एचसीएफ म्हणून शिकतात. रात्री नऊ वाजता एखादी संकल्पना चार वेगळ्या पद्धतींनी, न कंटाळता समजावणारा शिक्षक मिळणं ही छोटी सोय नाही.

आता तोटे. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. एका गटाला सराव करताना चॅटजीपीटीसारखं साधं साधन दिलं, दुसऱ्याला उत्तर न देता इशारे देणारं साधन दिलं आणि तिसऱ्याला फक्त वही-पुस्तक. सरावात पहिल्या गटाची कामगिरी तिसऱ्यापेक्षा 48 टक्क्यांनी आणि दुसऱ्याची 127 टक्क्यांनी चांगली झाली. मग साधनं काढून घेऊन परीक्षा घेतली. पहिला गट तिसऱ्यापेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडला. इशारे मिळालेल्या गटाचं नुकसान जवळजवळ टळलं, पण तोही पुढे गेला नाही. आणि आपण कमी शिकलो, हे पहिल्या गटातल्या मुलांच्या लक्षातही आलं नव्हतं.

एज्युचॅटही थेट पूर्ण उत्तर देण्याऐवजी उलट प्रश्न विचारून मुलाला पुढे नेण्यासाठी बनवलं आहे, ते यासाठीच. पण त्याच मुलाच्या फोनवर दुसरं ॲप असतं आणि ते पूर्ण उत्तर देतं. शेवटी एचएससीच्या परीक्षागृहात यातलं काहीच सोबत नसतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी स्वतः दहा-पंधरा मिनिटं झटापट, मग एआयकडून इशारा, मग उत्तराची पडताळणी, आणि शेवटी तसंच एक नवं गणित कोणाच्याही मदतीशिवाय.

दुसरा तोटा प्रामाणिक मुलांनाही बसू शकतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध एआय ओळखणाऱ्या सात साधनांकडून तपासून घेतले. माणसांनी लिहिलेले असूनही सरासरी 61 टक्के निबंध यंत्राने लिहिलेले ठरवले गेले. साधी वाक्यरचना आणि मर्यादित शब्दसंग्रह असला की साधनाला संशय येतो. नुकत्याच भारतातून आलेल्या मुलांना हा धोका जास्त. म्हणून कच्चे आराखडे आणि फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवायला मुलांना आत्ताच शिकवावं. प्रश्न आल्यास तोच पुरावा.

तिसरा तोटा अर्धवट साक्षरतेचा. दोन तासांची कार्यशाळा झाली की मुलाला सगळं आल्यासारखं वाटतं आणि ते उत्तर तपासायचं सोडून देतं. शिवाय स्वतःचं नाव, शाळा, फोटो बाहेरच्या ॲपला देऊ नयेत, ही मूलभूत गोष्टही राहून जाते.

उत्तर तपासायला मात्र विषय आधी माहीत असावा लागतो, आणि इथे परदेशातल्या मराठी घरांकडे एक हुकमी साधन आहे. इंटरनेटवर इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर फार थोडा, त्यामुळे मराठी विषयांवर एआय घसरण्याची शक्यता जास्त. मुलाला आजोळच्या गावाबद्दल, एखाद्या म्हणीच्या अर्थाबद्दल किंवा घरच्या पाककृतीबद्दल एआयला विचारू द्या. मग ते उत्तर घेऊन व्हिडिओ कॉलवर आजीला विचारायला सांगा: यातलं बरोबर किती, चूक किती? चूक सापडली तर ती कुठून आली असेल, यावर बोला. उत्तर बरोबर निघालं तरी ते तपासायचं असतं, ही सवय लागतेच. पुढच्या आठवड्यात हीच तपासणी विज्ञानाच्या असाइनमेंटवर करायला सांगा, तिथे आजीच्या जागी पाठ्यपुस्तक असेल.