सरकारी नोकरीची खरी कमाई

सरकारी नोकरी म्हटली की पगार, निवृत्तिवेतन आणि (नाकारण्यात अर्थ नाही) लग्नाच्या बाजारातला भाव मोजला जातो. पण १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो हातांना काम मिळाले, त्यामागे कामे आखणारी, मजुरांच्या हजेरीचे मस्टर भरणारी सरकारी माणसेही होती. नेते वि. स. पागे यांची रोजगार हमीची, म्हणजे मागेल त्याला काम देण्याची, कल्पना कागदावरून बांधावर नेली ती याच यंत्रणेने. १९७७मध्ये राज्याने तिचा कायदा केला, २००५मध्ये देशाने तोच कित्ता गिरवला. एवढा पैस खासगी नोकरीत क्वचितच लाभतो.

बदल्या, राजकीय दबाव, खोटी हजेरी हे आक्षेप खरेच आहेत. रोजगार हमीही त्यातून सुटली नाही. पण खोट्या मस्टरने मजुराची मजुरी बुडते, यावरूनच चोख मस्टरची किंमत कळते. स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरणाऱ्यांनी वेतनश्रेणीबरोबर हेही पाहावे.